युरिया, क्रिएटिनिन, बिलिरुबिन : रिपोर्ट घेताना लोक विचारतात ते प्रश्न

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं रक्त काढते, लघवी तपासते आणि खिडकीतून रिपोर्ट देते. रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी ठळक छापलेला आकडा बघतो आणि मग माझ्या तोंडाकडे. आजाराबद्दल बोलायचा अधिकार डॉक्टरांचा, त्यामुळं तिथं माझं उत्तर ठरलेलं असतं : "डॉक्टरांना दाखवा." पण शरीरातला कचरा तयार कुठं होतो आणि बाहेर कसा पडतो, हे सांगायला हरकत नाही. खिडकीत उभं राहून विचारलेलेच प्रश्न इथं लिहिलेत.

"ताई, शरीरात घाण होते म्हणजे नक्की कुठं होते?"

बहुतेकांना वाटतं पोटात. खरं तर ती होते पेशीत, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या जागी. गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला हे चटकन कळतं. चुलवाणात चिपाडं जळतात, त्याचा धूर धुराड्यातून वर जातो. वर काहिलीत रस उकळायला लागला की मळी तरंगते, ती काढून टाकावी लागते. नाही काढली तर गूळ काळा पडतो. पेशीतही हे दोन्ही प्रकार चालतात. साखर आणि चरबी जळली की उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. हा झाला धूर. प्रथिनं मोडली की मात्र त्यातला नायट्रोजन मागं राहतो, आणि त्याला धुरासारखं उडून जाता येत नाही. त्याची मळी वेगळी काढावी लागते. लिव्हर आणि किडनीचा बराचसा उद्योग त्याच्याचसाठी आहे.

"सकाळी पोट साफ झालं की सगळी घाण गेलीच की!"

नाही गेली. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांब नळी आहे. त्या नळीतून जे न पचता पुढं सरकलं ते शरीराच्या आत कधी शिरलंच नव्हतं. एका फाटकातून स्टँडात शिरून दुसऱ्या फाटकातून बाहेर पडलेला माणूस काही कोल्हापूरकर होत नाही, तसंच ते. विष्ठेत पाऊण भाग पाणी असतं. उरलेल्यात जिवाणू, भाज्यांचा चोथा आणि आतड्याच्या झडलेल्या पेशी. खऱ्या अर्थानं शरीरानं टाकलेलं त्यात मुख्य एकच, तो तपकिरी रंग. त्याची गोष्ट पुढं काविळीच्या प्रश्नात येईल. बद्धकोष्ठतेचा त्रास खराच आहे, पण दोन दिवस पोट साफ झालं नाही म्हणून रक्तातला युरिया चढत नाही.

"मग सगळ्यात जास्त कचरा जातो कुठून?"

नाकातून. हे ऐकून लोक हसतात. बसून काम करणारा धडधाकट माणूससुद्धा दिवसाला साधारण पाऊण ते एक किलो कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे सोडतो. त्याच दिवसात लघवीतून जाणारा युरिया पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास असतो. दिसत नाही, वास येत नाही, म्हणून त्याला कचरा म्हणायचं आपल्याला सुचत नाही इतकंच.

पेशीतून निघालेला हा वायू रक्तात फार थोडा तसाच विरघळतो. सुमारे ७० टक्के भाग तांबड्या पेशीतल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं बायकार्बोनेट होऊन प्रवास करतो आणि फुप्फुसात पोचल्यावर पुन्हा वायू होऊन बाहेर पडतो. तो थोडा जरी साठला तरी रक्ताची आम्लता वाढते आणि मेंदू लगेच श्वास वाढवायला लावतो. पोहताना बुडी मारली की काही वेळानं जीव कासावीस होतो ना, तो ऑक्सिजन संपल्यामुळं नव्हे, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळं.

याच्याच पोटातला एक प्रश्न रंकाळ्याला रोज चक्कर मारणारे एक काका विचारून गेले : "माझी आठ किलो चरबी कमी झाली, ती गेली कुठं? घामातून?" २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी याचा चोख हिशेब मांडला होता. दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे काकांची बहुतेक चरबी रंकाळ्याच्या हवेत गेली.

"युरिया म्हणजे उसाला टाकतो तोच काय ओ?"

तोच. रेणूत तिळाएवढाही फरक नाही. कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून करतात, आपल्यात लिव्हर करतं. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तो पहिल्यांदा प्रयोगशाळेत बनवला आणि मूत्रपिंडाशिवाय युरिया तयार करता येतो, असं आपले गुरू बर्झेलियस यांना मोठ्या आनंदानं कळवलं.

शरीर हा उपद्व्याप का करतं? प्रथिनं मोडली की अमोनिया सुटतो आणि तो मेंदूला घातक असतो. माशांचं बरं आहे, ते अमोनिया सरळ पाण्यात सोडून मोकळे होतात. आपल्याभोवती नदी वाहत नाही. म्हणून लिव्हर त्याला कार्बन डायऑक्साइडशी जोडून युरिया करतं, जो बिनत्रासाचा आहे, पाण्यात सहज विरघळतो आणि किडनीपर्यंत सुखरूप पोचतो. ही साखळी हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडली. लिव्हर पार निकामी झालेला माणूस बरळायला लागतो, घरच्यांना ओळखत नाही, त्यामागं हा न आवरलेला अमोनिया हे एक मोठं कारण असतं.

करवीर तालुक्यातल्या एका शेतकरीदादांनी माझ्याच खिडकीत हिशेब केला होता. दिवसाला पंचवीस ग्रॅम धरला तर वर्षाला नऊ किलो, म्हणजे पाच वर्षांत माणशी ४५ किलोचं एक पोतं. "घरात सहा माणसं, म्हणजे दर दहा महिन्याला एक पोतं वाया," म्हणाले. हिशेबात चूक नव्हती.

"किडनी गाळते म्हणजे चहाच्या गाळणीसारखं का?"

गाळणं हा निम्माच भाग झाला. खरी गंमत त्याच्या पुढं आहे. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातलं नको ते एकेक शोधून काढायची एक पद्धत, आणि कपाट अख्खं रिकामं करून हवं तेवढंच परत लावायची दुसरी. किडनी दुसऱ्या पद्धतीनं चालते.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभराहून जास्त, या दीड-दीडशे ग्रॅमच्या दोन अवयवांकडे जातो. प्रत्येकीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं सोडली तर पाणी, साखर, मीठ, युरिया, सगळं त्या खाली सोडून देतात. दिवसभरात असं १८० लिटर गाळलं जातं, वीस लिटरचे नऊ जार. मग पुढच्या नळ्या त्यातलं ९९ टक्के पाणी, जवळपास सगळी साखर आणि लागेल तेवढं मीठ परत आत घेतात. उरते दीड-दोन लिटर लघवी.

मला आधी हा प्रकार उधळपट्टीचा वाटायचा. नंतर त्यातलं शहाणपण लक्षात आलं. नको असलेला प्रत्येक पदार्थ ओळखायला किडनीला शिकावं लागत नाही. कालपरवा बाजारात आलेल्या गोळीचा अंश असो नाहीतर कधी न खाल्लेल्या पाल्याचा, त्याला परत बोलावलं नाही की तो आपोआप बाहेर. काही पदार्थ नळ्या वेगळे पकडून लघवीत टाकतात तेही आहे, पण मूळ रीत ही. आणि साखर परत घ्यायच्या ताकदीला मर्यादा असते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते. मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्या म्हणूनच.

"पोरगा तालमीत जातोय. क्रिएटिनिन १.४ आलंय. किडनी गेली?"

हा प्रश्न कोल्हापुरात जितका येतो तितका दुसरीकडं क्वचित येत असेल. पोराच्या मागं त्याचे वडील, त्यांच्या मागं वस्ताद, आणि तिघांचेही चेहरे उतरलेले.

क्रिएटिनिन हे विष नव्हे, तो साक्षीदार आहे. स्नायूंमध्ये ताकदीचा तातडीचा साठा म्हणून क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. त्यातला थोडा भाग रोज आपसूक क्रिएटिनिन होऊन रक्तात येतो आणि किडनी त्याला बाहेर टाकते. रोजची आवक जवळपास ठरलेली असल्यानं रक्तात तो किती उरलाय यावरून किडनीच्या कामाचा अंदाज बांधता येतो. आम्ही लॅबमध्ये मोजतो ते बाहेर न गेलेलं, मागं उरलेलं. हे लक्षात ठेवलं तर अख्खा रिपोर्ट वाचायला सोपा जातो.

आता आवकच जास्त असेल तर? शंभर किलोच्या पैलवानाच्या अंगावर जे मांस आहे ते साठ किलोच्या कारकुनाच्या अंगावर नाही. रिपोर्टाच्या कडेला छापलेली पुरुषांची ०.७ ते १.३ ही मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. त्यातून तपासणीच्या आदल्या रात्री पोटभर मटण झालं असेल, सकाळी जोर-बैठका मारून पोरगा तसाच आला असेल किंवा जिमवाल्यानं दिलेली क्रिएटिनची पावडर चालू असेल, तर आकडा आणखी वर जातो. अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन-तीन दिवस विश्रांती देऊन पुन्हा तपासायला सांगतात, लघवीत प्रथिनं जातात का बघतात किंवा सिस्टॅटिन सी ही रक्ताची वेगळी तपासणी करून घेतात, जी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

याची उलटी बाजू मला जास्त घाबरवते. सत्तर वर्षांची, वाळून काटकी झालेली आजी. क्रिएटिनिन १.१, घरचे खूश. पण तिच्या अंगावर मांसच नाही, मग आवक कुठून होणार? तिच्या बाबतीत १.१ म्हणजेही किडनी बरीच मंदावलेली असू शकते. म्हणून हल्ली आकड्याखाली वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज, छापतात. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात. क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जाईपर्यंत पुष्कळदा निम्मं काम बंद पडलेलं असतं. मधुमेह आणि ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन वर्षातून एकदा तपासावं, असं डॉक्टर मागं लागतात ते यासाठी. हे दोन आजारच सर्वाधिक किडन्या खातात. तिसरं म्हणजे गुडघेदुखीसाठी मनानं घेतलेल्या पेनकिलरच्या गोळ्या. त्या घेणारे हे कधीच आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

"युरिक ॲसिड वाढलंय. तांबडा-पांढरा बंद करायचा?"

हा प्रश्न विचारताना माणसाच्या डोळ्यांत पाणी असतं, अतिशयोक्ती नाही.

प्रत्येक पेशीच्या केंद्रकात प्युरिन असतात. पेशी मोडली की त्यांचं शेवटी युरिक ॲसिड होतं. गाई-म्हशी, कुत्री यांच्याकडे ते पुढं मोडणारा विकर आहे. माणसाच्या वंशात तो फार पूर्वी बंद पडला, म्हणून आपल्या रक्तात ते जास्त राहतं आणि पाण्यात नीट विरघळतही नाही. प्रमाण वाढलं की सांध्यात सुईसारखे खडे बसतात. बहुतेकदा पायाचा अंगठा, बहुतेकदा मध्यरात्री, आणि असा ठणका की चादर लागलेली सोसत नाही.

या युरिक ॲसिडचा साधारण एक तृतीयांश भाग खाण्यातून येतो, बाकी आपल्याच पेशींचा. म्हणजे नुसतं पथ्य करून आकडा थोडाच उतरतो, हे डॉक्टरही सांगतात. तरीही प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणून मटण शिजवलेला अळणी आणि त्याचा रस्सा हे मांसाइतकेच हिशेबात धरायचे. "पीस नको, नुसता रस्सा वाढा" ही पळवाट इथं चालत नाही. कलेजी, वजडी आणि बिअर ही जास्त धोक्याची. डाळी आणि पालेभाज्या मात्र उगाच बदनाम झाल्यात. त्यांच्यामुळं गाऊटचा, म्हणजे या सांधेदुखीचा, धोका तसा वाढलेला दिसलेला नाही. आणि अंगठा कधी दुखलाच नसेल, फक्त आकडा थोडा वर असेल, तर गोळी घ्यायची की नाही हे रिपोर्ट बघून शेजाऱ्यानं ठरवू नये.

"बिलिरुबिन वाढलं म्हणजे कावीळच ना? उतरवून घेतली तर चालेल?"

तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस. आपल्या अंगात दर सेकंदाला वीसएक लाख पेशी मरतात आणि तितक्याच नव्या होतात. मेलेल्या पेशीतलं लोह शरीर जपून ठेवतं, पण रंगद्रव्याचा सांगाडा नको असतो. तो आधी हिरवा होतो, मग पिवळा. पिवळं ते बिलिरुबिन. मुका मार लागल्यावर काळंनिळं वळ आठवड्याभरात हिरवट आणि मग पिवळसर होत जातं. तीच रसायनविद्या कातडीखाली उघड्यावर चाललेली असते.

हे पिवळं द्रव्य पाण्यात विरघळत नाही. लिव्हर त्याला विरघळण्याजोगं करून पित्तातून आतड्यात सोडतं, तिथले जिवाणू त्याचं रूपांतर करतात. विष्ठेचा तपकिरी रंग त्याचाच, आणि थोडा भाग रक्तात परतून किडनीवाटे जातो तो लघवीचा पिवळा रंग. त्यामुळं रंग बदलला की अडथळा कुठं आहे याचा सुगावा लागतो. लघवी काळ्या चहासारखी आणि शौचाचा रंग पांढुरका मातकट झाला तर पित्ताची वाट अडलेली असू शकते. हे बघून लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

कावीळ हे लक्षण आहे, आजार वेगवेगळे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून जी साथ आली ती हेपटायटिस ई या विषाणूची होती. त्यातली कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि त्याच काळात ज्यानं माळ घातली किंवा हातावरून चुन्याचं पाणी उतरवलं त्याला श्रेय मिळतं. ते पाणी पिवळं पडतं ते हाताला आधी चोळलेल्या सालीमुळं. रक्तातलं बिलिरुबिन असं तळहातातून येत नाही. गरोदर बाईला मात्र हीच कावीळ जिवावर बेतू शकते. तिथं उतरवण्यात एक दिवसही घालवू नये.

बाळांचं वेगळं. जन्मल्यावर त्यांचं लिव्हर अजून हात बसवत असतं, म्हणून पहिल्या आठवड्यात पिवळेपणा येतो. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका परिचारिकेच्या लक्षात आलं की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी कातडी कमी पिवळी दिसते. आजची निळ्या प्रकाशाची पेटी तिथून आली. डॉक्टरांनी पेटीत ठेवायला सांगितलं असेल तर घरचं कोवळं ऊन त्याला पर्याय नाही.

"घाम काढला की विष निघून जातं म्हणतात."

घामात ९९ टक्के पाणी, मग मीठ, आणि नावाला युरिया. घाम अंग थंड ठेवायला आहे. उसाच्या फडात दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यायलं तर उलट किडनीवरच ताण येतो.

"कुस्तीनंतर अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळं?"

नाही. ते तासाभरात पूर्वपदावर येतं. आणि तो कचराही नव्हे. लिव्हर त्याची परत साखर करतं. ते चक्र शोधणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या नवराबायकोला १९४७ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या दिवशीचा ठणका स्नायूंच्या बारीक इजेचा असतो.

"डिटॉक्सचा काढा आलाय बाजारात. घेऊ का? निदान पाणी तरी भरपूर पिऊ ना?"

काढा कुठलं विष काढणार, त्याचं नाव बाटलीवर लिहिलंय का बघा. मी आजवर एकावरही वाचलं नाही. असतं तर आम्ही ते आधी आणि नंतर मोजून दाखवलं असतं, आमचा धंदाच तो. उलट कशातले काय घटक आहेत हे न सांगणारी चूर्णं आणि भस्मं घेऊन किडनी दुखावलेल्यांचे रिपोर्ट मी दिलेत.

पाणी पिऊन युरिया धुऊन निघत नाही, लघवी पातळ होते. मुतखडा होऊन गेलेल्यांना तीच हवी असते. त्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं. बाकीच्यांनी तहान आणि लघवीचा रंग बघावा, फिकट पिवळी असली की झालं. धडधाकट किडनी तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकू शकते, त्याहून भराभर ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन झटकेही येऊ शकतात. आणि ज्यांची किडनी किंवा हृदय आधीच मंद आहे त्यांनी "भरपूर पाणी" हा सल्ला कुणाचाच ऐकू नये, डॉक्टरांनी मोजून दिलं तेवढंच.

"लघवी धरून ठेवली तर ती रक्तात परत जाते?"

जात नाही. किडनीतून येणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते, त्यामुळं मूत्राशय भरलं की ती दाबली जाते आणि उलटा प्रवाह थांबतो. दीड-दोनशे मिलिलिटरला पहिली जाणीव होते, चारशे-पाचशेला राहवत नाही. पण तासन् तास साचलेल्या लघवीत जिवाणूंना वाढायला वेळ मिळतो.

हे मी पुस्तकातून शिकले आणि नंतर अंगावर. आधीच्या नोकरीत बायकांना धड स्वच्छतागृह नव्हतं. मी सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत पाणीच प्यायचे नाही. दोन वर्षांत तीनदा जंतुसंसर्ग झाला. तिसऱ्या वेळी माझ्याच नमुन्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मीच पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, मोजत बसले होते. बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी, एसटीतल्या कंडक्टर ताई, शाळेतल्या बाई यांच्या रिपोर्टात "पस सेल्स भरपूर" दिसलं की मी आधी विचारते, कामाच्या जागी सोय आहे का? औषधाची चिठ्ठी त्यानंतर येते.

"डायलिसिस म्हणजे बाहेरची किडनी. मग चिंता कशाची?"

यंत्र गाळतं, पण निवडून परत घेणं त्याला जमत नाही. रक्ताच्या एका बाजूला पातळ पडदा आणि पलीकडे मोजून-मापून बनवलेलं पाणी, इतकीच युक्ती. १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरनं सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून ती केली. त्याचा पहिला वाचलेला रुग्ण १९४५ मध्ये. तोवर पंधरा-सोळा जण गेले होते.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, म्हणजे १६८ तासांतले बारा. खरी किडनी सगळे तास चालते, शिवाय रक्त वाढवणारं संप्रेरक बनवते आणि ड जीवनसत्त्व कामाचं करते, जे यंत्र करत नाही. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला दोन फेऱ्यांच्या मधे पाणी, मीठ आणि शहाळ्या-केळ्यातलं पोटॅशियम मोजावं लागतं. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण शहाळं नेतो. इथं नेऊ नका. गरीब रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही ते बसतं. रेशनकार्ड घेऊन चौकशी करा.

"चोवीस तासांची लघवी गोळा करून आणायला सांगितलीय. कशी आणायची?"

इथं दहातले सहा जण चुकतात, म्हणून सविस्तर. समजा सोमवारी सकाळी सहाला उठलात. ती पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक, रात्रीचीसुद्धा, आम्ही दिलेल्या कॅनमध्ये. मंगळवारी सकाळी सहाची शेवटची, ती धरायची. एकदा जरी विसरलात तर सांगा, लपवू नका. आम्ही नवा कॅन देतो, रागवत नाही. कॅन सावलीत, शक्यतो थंड जागी. फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडच्या एका आजोबांनी सांगितलं नव्हतं, आणि सूनबाईंनी ताक समजून झाकण उघडलं.

घरातली कोल्ड्रिंकची बाटली आणू नका. धुतली तरी साखर उरते.